शेवट कोणाचा?

गेल्या दिवाळीत एक व्हिडिओ गेम संपवायला आम्हाला चार रात्री लागल्या, आणि त्याच्या शेवटावर वाद घालायला दोन. व्हिडिओ गेमचे नाव वाचून आमचे काही गुरुजन पान उलटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना विनंती एवढीच की, 'उत्तररामचरित' आणि 'शारदा' येईपर्यंत थोडा धीर धरावा.

माझे गाव गेवराई तालुक्यात. मामेभाऊ पुण्याला एका कंपनीत नोकरीला आहे. तो सुट्टीला आला तो एक जाडजूड लॅपटॉप घेऊन. ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघायच्या होत्या, त्यामुळे गाव भरलेले होते आणि आमच्या ओसरीवर रात्री सात-आठ पोरे जमू लागली. खेळाचे नाव 'द लास्ट ऑफ अस'. 'नॉटी डॉग' या अमेरिकन कंपनीने तो २०१३ साली काढला. तेव्हा तो फक्त प्लेस्टेशन नावाच्या यंत्रावर चालत असे. २०२३ च्या मार्चमध्ये तो साध्या संगणकावरही आला. त्याच वर्षी त्यावरची इंग्रजी मालिकाही गाजली.

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हारजीत येते. विटीदांडू असो की कबड्डी, शेवट म्हणजे निकाल. पण अलीकडच्या कित्येक खेळांना चक्क कथानक असते. पात्रे असतात, संवाद असतात, आणि एखाद्या मोठ्या कादंबरीला लागावेत तितके तास ते चालतात. फरक इतकाच की कादंबरीत नायक चालतो आणि आपण पान उलटतो. इथे नायकाला चालवायचे ते आपणच. कळ दाबली तर तो पाऊल टाकतो, नाही दाबली तर जागचा हलत नाही. त्याने केलेली चोरी आपल्या बोटांनी केलेली असते, आणि खूनही.

कथा अशी. माणसाच्या मेंदूत एक बुरशी शिरते आणि माणसे पिसाळतात. अमेरिका उद्ध्वस्त होते. पहिल्याच रात्री जोएल नावाच्या माणसाची लहान मुलगी त्याच्या हातात मरते. त्यानंतर वीस वर्षांनी, आतून पार वाळून गेलेल्या या माणसावर एक काम येऊन पडते. एली नावाची चौदा वर्षांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायची. तिला चावा बसूनही रोग झालेला नाही. तिच्यापासून लस करता येईल, अशी तिकडच्या लोकांना आशा आहे. वाटेत दोघे एकमेकांना जीव लावतात. बाप हरवलेल्या लेकीला बाप मिळतो आणि लेक गमावलेल्या बापाला लेक.

मग ते इस्पितळ येते. लस करायची तर मुलीचा मेंदू उघडावा लागणार आणि ती मरणार. ती बेशुद्ध आहे. जोएल बंदूक घेऊन आत शिरतो, आडवे येतील त्यांना मारतो, शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरलाही मारतो आणि मुलीला उचलून बाहेर आणतो. इथे खेळणाऱ्याला दुसरी वाट नाही. डॉक्टरला मारल्याशिवाय कथा पुढे सरकतच नाही. शुद्धीवर आल्यावर तो तिला सांगतो की, तुझ्यासारखे आणखी पुष्कळ होते, काही उपयोग झाला नाही, त्यांनी लस शोधणेच सोडले. सगळे खोटे. शेवटी गावाच्या वेशीशी ती त्याला थांबवते आणि शपथ घ्यायला लावते. तो शपथ घेतो. ती क्षणभर त्याच्याकडे पाहते आणि 'बरं' एवढेच म्हणते. पडदा.

आमच्या ओसरीवर एकच गलका झाला. "हा काय शेवट झाला का?" एकाने लॅपटॉपच बंद केला. मामेभाऊ म्हणाला, "बापानं तेच करायला पाहिजे होतं. लेकीला मरू द्यायचं का?" दुसरा म्हणाला, "एका पोरीपायी सगळ्या दुनियेला मारलं त्यानं." तिसऱ्याचे गाऱ्हाणे वेगळेच होते, "मला मारायचं नव्हतं त्या डॉक्टरला. मला इचारलं का कुणी?" त्याचे म्हणणे तेव्हा आम्हाला पोरकट वाटले. आता वाटत नाही.

मीही त्या रात्री बापाच्याच बाजूने भांडलो, हे आधी कबूल करतो.

सुट्टी संपल्यावर हा विषय मी आमच्या वाङ्मय मंडळात काढला. पहिली दहा मिनिटे थट्टेत गेली. मग सरांनी विचारले, "शेवट आवडला नाही, की पटला नाही?" प्रश्न साधा, पण आमची बोलती बंद झाली. आवडणे हे आपल्या इच्छेशी जोडलेले असते. पटणे हे आधीच्या कथेशी. जोएलने मुलीला वाचवावे, ही इच्छा पुरी झाली होती. त्याच्यासारखा माणूस दुसरे काही करूच शकला नसता, म्हणजे शेवट पटतही होता. आणि तरी कुणाच्याच मनाचे समाधान झाले नव्हते. तेव्हा समाधान हे या दोहोंपलीकडचे काही असले पाहिजे.

शेवटावरून प्रेक्षक रुसतात, ही गोष्ट जुनीच. कॉनन डॉईलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि वाचकांच्या आग्रहाखातर काही वर्षांनी त्याला जिवंतही केले. इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मधली नोरा नवऱ्याचे घर सोडून जाते. जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला स्वतःच्या हाताने दुसरा शेवट लिहावा लागला, ज्यात ती मुलांकडे पाहून थांबते. व्हिडिओ गेमच्या जगात २०१२ साली 'मास इफेक्ट ३'च्या शेवटावर असेच रान उठले. तीन भागांत वर्षानुवर्षे घेतलेल्या आपल्या निर्णयांचे शेवटी काय झाले, असा खेळणाऱ्यांचा सवाल होता. कंपनीने त्याच वर्षी शेवट वाढवून पुन्हा दिला, तोही फुकट. ग्राहकाने शिंप्याकडून सदरा उसवून घ्यावा, तशातला हा प्रकार.

आपल्याकडे तर गोड शेवटाची सोय शास्त्रानेच करून ठेवली होती. संस्कृत नाटक शोकात संपवायचे नाही आणि रंगमंचावर मरण दाखवायचे नाही, हा संकेत. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो, पण तो अपवाद. आमच्या आजीच्या कहाण्याही कितीही वनवास झाला तरी 'सुफळ संपूर्ण' होत. या संकेतापायी भवभूतीला केवढी खटपट करावी लागली, ते सरांनी त्या दिवशी सांगितले, आणि माझ्या दृष्टीने ती चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

वाल्मीकीच्या उत्तरकांडात राम भर सभेत सीतेला पुन्हा शुद्धीची शपथ घ्यायला सांगतो. ती शपथ घेते, पण अशी की धरणी दुभंगून तिला पोटात घेते. ती परत येत नाही. भवभूतीला हा शेवट चालणार नव्हता. आठव्या शतकातल्या या कवीने 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात नाटकात नाटक घातले, गंगा आणि अरुंधती आणल्या, आणि राम-सीतेची भेट घडवली. प्रेक्षक डोळे पुसत आनंदाने घरी जातो. मी स्वतः भाषांतर वाचताना गहिवरलो होतो. पण आमच्या वर्गातली एक मैत्रीण पटकन म्हणाली, "सर, वाल्मीकीच्या सीतेनं तर 'नाही' म्हटलं होतं. भवभूतीनं तिचं 'नाही' काढून घेतलं." सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भवभूतीने रामाचे दुःख मिटवले. सीतेच्या मनाचा शेवट वाल्मीकीकडेच राहिला." हे दोघांपैकी कुणालाच उणे करणारे नाही, असेही ते पुढे म्हणाले. भवभूतीइतके रामाला दुसऱ्या कुणी रडवलेले नाही.

तिथून गाडी 'शारदे'वर आली. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी पोर भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याला देतो. ऐन लग्नात वधूवर एकाच गोत्राचे असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. पुढे शारदा जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिचे लग्न त्याच्याशी होते. प्रेक्षकांना हायसे वाटते. वाटावेच. पण जरा थांबून पाहिले तर लग्न का मोडले? म्हातारा म्हातारा होता म्हणून नव्हे. पोरीला नको होते म्हणूनही नव्हे. गोत्र जुळले म्हणून! गोत्र वेगळे निघाले असते तर? देवलांना हे कळत नव्हते, असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला ज्या दाराने बाहेर काढता येईल, ते दार त्यांनी वापरले. (जाता जाता : १९२९ चा बालविवाहविरोधी 'सारडा कायदा' हा हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. तो या नाटकावरून पडलेला 'शारदा कायदा' आहे, असे मानणारे लोक अजून भेटतात. त्या कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरवले होते. आज ते अठरा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ते किती पाळले जाते, हे सांगायला माझी गरज नाही.)

आणि मग कुणीतरी 'सैराट' काढला. तो निघणारच होता.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, म्हणजे आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातले. शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. मी तेव्हा सहावीत होतो. अण्णा आम्हा सगळ्यांना तालुक्याला घेऊन गेले होते. 'झिंगाट' लागले तेव्हा थिएटरात पोरे खुर्च्यांवर चढून नाचत होती. शेवटी आर्चीचा भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसे माहेरची भेट घेऊन येतात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते. आवाज बंद होतो. रक्तात भिजलेली छोटी पावले उमटत जातात. नाचणारी तीच पोरे पुतळ्यासारखी बसली. दिवे लागले तरी कुणी चपला शोधेना.

त्या शेवटावर पुढे महाराष्ट्रभर वाद झाला. इतके सुंदर प्रेम दाखवून असे का मारायचे? थोडी आशा ठेवली असती तर काय बिघडले असते? मंडळातही हेच निघाले. त्यावर एकाने खर्ड्याची आठवण दिली. जामखेड तालुक्यातले खर्डा आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच आहे. तिथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, एका मुलीशी बोलतो या संशयावरून, मारून टाकण्यात आले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. 'सैराट' आला तो त्या घटनेनंतर दोन वर्षे आणि एक दिवसाने. हे सांगितल्यावर 'आशा ठेवायला हवी होती' म्हणणारे गप्प झाले. मंजुळ्यांचा शेवट आवडण्याजोगा नाही, पण तो पहिल्या दृश्यापासून पडद्यामागे उभा असतो. पाटलाच्या पोराने वर्गात मास्तरांच्या थोबाडीत मारली, तेव्हाच तो ठरलेला असतो. गाण्यांमुळे आपण तो विसरतो, एवढेच. म्हणून मला तो शेवट पटतो.

२०१८ साली हिंदीत 'धडक' निघाला, त्यात हा शेवट बदलला. तिथे नवरा आणि मूल मारले जाते आणि मुलगी जिवंत राहते. काही जणांना हा शेवट अधिक क्रूर वाटतो. मला तो नुसता वेगळा वाटतो. जात जवळजवळ पुसून टाकल्यावर ती माणसे मारतात तरी का, हेच तिथे नीट कळत नाही, आणि कारण कळत नसेल तर शेवट हा केवळ धक्का उरतो.

इथपर्यंत मी मंडळात बोललो. टाळ्या मिळाल्या. जे बोललो नाही ते आता लिहितो.

'सैराट' पाहून आम्ही जीपने गावी परतलो. वाटेत कुणी बोलले नाही. माझी ताई त्या वर्षी दहावी झाली होती. जूनपासून ती एस.टी.ने तालुक्याला अकरावीला जाणार होती. पासचे पैसेही बाजूला काढून ठेवले होते. त्या रात्री जेवणे झाल्यावर अण्णा आईला म्हणाले, "पोरीला आता तालुक्याला धाडायचं नाही. बघितलंस ना?" बस्स. पुढच्या उन्हाळ्यात, टोळी कारखान्यावरून परत आल्यावर, तिचे लग्न झाले. तेव्हा तिचे वय किती होते, ते मी इथे लिहीत नाही. वाचकांनी समजून घ्यावे.

अण्णांना मी दुष्ट म्हणू शकत नाही. पाच-सहा महिने ते आणि आई कारखान्याच्या तळावर कोपीत राहत. इकडे म्हातारी आजी आणि आम्ही दोघे. पोर एस.टी.त बसली की तिच्यामागे उभे राहणारे कुणी नाही, याची त्यांना भीती होती, आणि ती भीती खरी होती. त्यांनी तिला वाचवलेच, असे ते आजही मानतात. 'सैराट'चा शेवट कुणाला पटला नाही, यावर एवढी चर्चा झाली. आमच्या घरात तो एका माणसाला फार पटला होता. ज्या शेवटाने माझ्यासारख्याला जातीची चीड यायला हवी, त्याच शेवटातून बापाने लेकीसाठी धडा काढला. यात मंजुळ्यांचा दोष आहे, असे मला म्हणवत नाही. पण शेवट समाधान देतो का, असे विचारताना कोणाला, हे आधी विचारायला हवे होते, ते आम्ही विचारले नाही.

'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग २०२० साली आला. तो मी नंतर मामेभावाकडून समजून घेतला. त्यात एलीला खरे कळते. तेव्हा ती जोएलचे उपकार मानत नाही. माझ्या जगण्याला काही अर्थ आला असता, तो तू माझ्यापासून हिरावून घेतलास, अशा अर्थाचे ती बोलते. ती मेली असती तर बरे होते, असे याचा अर्थ मी काढत नाही. बेशुद्ध मुलीला डॉक्टरांनीही विचारले नव्हते आणि बापानेही नाही. पहिला भाग आला तेव्हा वाद जोएलचा होता : तो बरोबर की चूक? मुलीला बोलायला सात वर्षे लागली. आणि ती बोलली तो भाग पुष्कळ खेळणाऱ्यांना मुळीच आवडला नाही. त्यांच्या रागाची इतरही कारणे होती, कारण त्याच भागात सुरुवातीलाच जोएल मारला जातो, तोही त्या डॉक्टरच्या मुलीकडून. त्या खोलीतल्या डॉक्टरलाही एक लेक होती, हे आम्हा ओसरीवरच्या पोरांच्या मनात कधी आले नव्हते.

आता ती एक गोष्ट राहिली.

ताई भाऊबीजेला आली होती. ओवाळून झाले, जेवणे झाली, पोरे वाद घालून आपापल्या घरी गेली. मी ओसरीवर एकटाच बसून खेळाचा शेवटचा भाग पुन्हा उघडला होता. ताई भांडी आवरून आली आणि शेजारी टेकली. "काय करायलास रे?" मी तिला थोडक्यात कथा सांगितली. जोएल तेव्हा नेमका त्या खोलीच्या दाराशी आला होता. आत टेबलावर मुलगी निजलेली, आणि पुढे डॉक्टर हातात सुरी धरून उभा.

"आता?" तिने विचारले.

"आता ह्याला मारायचं आन तिला उचलून न्यायचं."

"आन न्हाई मारलं तर?"

"तर काहीच होत नाही. तो तसाच उभा राहतो."

"थांब मग," ती म्हणाली.

मी कळीवरून बोट काढले. डॉक्टर तसाच उभा होता. जोएलही उभा होता. ताई पडद्याकडे बघत होती, पण त्या दोघांकडे नव्हे, टेबलाकडे. पाच मिनिटे गेली असतील, कदाचित दहा. मग आत तिची लेक झोपेतून उठून रडायला लागली, तशी ती पदर सावरत उठली.

"हिला कधी जाग येती?" जाताजाता तिने विचारले.

"नंतर. गाडीत."

"हं," म्हणाली आणि आत गेली.